शर्यत म्हणजे अट : घाटातल्या बारीपासून ऑनलाइन लीगपर्यंत



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, ते मी समजू शकतो. इतिहासाचं व्याख्यान, तेही लेण्याद्रीच्या पायथ्याशी, आणि विषय काय, तर संगणकावरच्या मोटारींच्या शर्यती! पण मागच्या वेळी इथून निघताना दोन-तीन पोरांनी मला गाठलं होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता. "सर, आम्हाला ऑनलाइन सिम रेसिंगच्या लीगमध्ये उतरायचंय. सुरुवात कुठून करायची?" मी म्हटलं, बाबांनो, मी इतिहासाचा माणूस. तर त्यातला एक म्हणाला, "मग इतिहासातून सांगा." आजचं व्याख्यान हे त्या पोराला दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात शब्दापासून करू. आपण मराठीत 'शर्यत' म्हणतो, तो शब्द मूळ अरबी 'शर्त' या शब्दावरून आलेला. शर्त म्हणजे अट, करार. आधी दोघांनी एक अट मान्य करायची, मग धावायचं. म्हणजे आपल्या भाषेनेच सांगून ठेवलंय की धावणं नंतर, अट आधी. गाडी बैलांची असो, पेट्रोलची असो की पडद्यावरची, अट मान्य नसेल तर ती नुसती पळापळ होते. आज मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळी उदाहरणं.

आता वर डोंगराकडे बघा. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आपण गिरिजात्मजाला जातो. तो गणपती ज्या लेण्यात आहे ते मुळात बौद्ध विहार, सातव्या क्रमांकाचं लेणं. जुन्नरच्या भोवती अशी लेणी कितीतरी आहेत, आणि त्यांतल्या शिलालेखांत राजांपेक्षा सामान्य माणसंच जास्त भेटतात. बांबूचं काम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी. हे लोक एकेकटे येत नाहीत, त्यांच्या 'श्रेणी' येतात. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या माणसांचा संघ. एखादा दाता श्रेणीकडे ठेव ठेवायचा आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंची सोय व्हायची. स्वतःला 'यवन' म्हणवणाऱ्या दात्यांची नावंही इथल्या लेखांत आहेत.

हे कशामुळे शक्य झालं? नाणेघाटातून माल वर यायचा, खाली जायचा. माणसं अनोळखी, भाषा वेगवेगळ्या. अशा वेळी विश्वास माणसावर टाकता येत नाही, तो नियमावर टाकावा लागतो. श्रेणीचा नियम पक्का, म्हणून अनोळखी माणूस तिच्याकडे पैसे ठेवतो. लीग म्हणजे तरी दुसरं काय? कोल्हापूरचा एक, नागपूरचा एक, दुबईतला एक आणि आपल्या गोळेगावचा एक, असे वीस अनोळखी लोक रविवारी रात्री नऊ वाजता एका नियमाखाली एकत्र येतात. गोष्ट नवी दिसते, पण या डोंगराला ती नवी नाही.

आता डोंगर उतरून घाटाकडे येऊ. घाट म्हटलं की बाहेरच्या माणसाला माळशेज आठवतो. जुन्नर, आंबेगाव, खेडमधल्या माणसाला आधी बैलगाड्याचा घाट आठवतो. यात्रा ग्रामदैवताची, गाडे घाटात, भंडारा हवेत, निवेदक माईकवर, आणि पुढे घोडी. हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्हीच मला सांगाल. पण तुमच्या रोजच्या बघण्यातली एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, ती सांगतो.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात. गट, मग सेमी, मग फायनल. आपल्याकडे तसं नाही. आपल्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला आपण 'बारी' म्हणतो. समोर दुसरा गाडा नसतो, समोर असतं घड्याळ. दहा-पंधरा सेकंदांचा मामला. त्यात सेकंदाच्या एका भागाने कोण 'घाटाचा राजा' होतो आणि कोण हात चोळत घरी जातो. म्हणजे आपली शर्यत ही घड्याळाशी केलेली शर्यत आहे. मोटार रेसिंगमध्ये यालाच टाइम ट्रायल किंवा क्वालिफाइंग म्हणतात. इथल्या पोराला सिम रेसिंगची पहिली पायरी समजावून सांगायची तर एवढंच म्हणायचं : बाळा, आधी बारी मारायला शीक. शेजारी दुसरी गाडी घेऊन पळणं नंतर.

आणखी एक गोष्ट. घाटात भांडण बैलावरून कमी होतं, घड्याळावरून जास्त होतं. टोकन कोणाला कधी मिळालं, झेंडा कधी पडला, सेकंद कोणी मोजले. म्हणजे घाटातल्या माणसाला कोणी शिकवायला नको की शर्यतीचा जीव पंचात असतो. पंचावर विश्वास आहे तोवर हरलेला माणूसही पुढच्या यात्रेला गाडा घेऊन येतो. विश्वास गेला की पहिला आलेलाही समाधानाने झोपत नाही.

याच घाटाने गेल्या पंधरा वर्षांत फार मोठी उलथापालथ पाहिली. 11 जुलै 2011 ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि खेळ-प्रदर्शनासाठी वापरता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचं जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. 2017 मध्ये आपल्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, तरी प्रकरण न्यायालयात अडकलं. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती कायम ठेवली.

या काळात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. मी आज निवाडा द्यायला उभा नाही. पण एक गोष्ट नोंदवतो. शर्यत परत आली ती जुन्या रूपात नाही, अटींसकट आली. पूर्वपरवानगी, जनावराची पशुवैद्यकीय तपासणी, काठी-चाबूक आणि विजेचा झटका बंद. म्हणजे न्यायालयाने विचारलेला प्रश्न साधा होता. धावणाऱ्याला इजा होत असेल तर तुमची अट काय आहे? शर्यतीला उत्तर द्यावं लागलं.

आता उलटा प्रश्न विचारू. समजा, अशी शर्यत आहे जिथे कोणालाच इजा होत नाही. बैलाला नाही, घोडीला नाही, माणसाला नाही. मग अटींची गरज संपते का? बहुतेकांना वाटतं, हो, संपली. मग तो खेळच झाला, कसंही खेळा. सिम रेसिंगचा चाळीस वर्षांचा इतिहास सांगतो की नेमकं उलटं घडतं. जिथे इजा नाही, तिथे अट दुप्पट लागते. हे कसं, ते आता बघू.

1982 मध्ये जपानच्या नामको कंपनीने 'पोल पोझिशन' नावाचा खेळ काढला. नाण्यावर चालणारं मशिन. त्यात फुजीचा ट्रॅक होता, आणि गंमत म्हणजे आधी एक फेरी घड्याळाविरुद्ध मारावी लागायची. वेळ जमली तरच शर्यतीत प्रवेश. म्हणजे बघा, पहिल्यापासूनच आधी बारी, मग शर्यत. 1984 मध्ये इंग्लंडच्या जेफ क्रॅमंड यांनी 'रेव्ह्ज' लिहिला, तो बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी. फॉर्म्युला थ्रीची गाडी, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक. तिथून खेळ आणि सिम्युलेटर यांचे रस्ते वेगळे व्हायला लागले. खेळात गाडी तुमच्या मनासारखी वळते. सिम्युलेटरमध्ये ती टायर, वजन आणि वेग यांच्या हिशेबाने वळते, तुमच्या मनाचं तिला काही नसतं.

1989 मध्ये अमेरिकेतल्या पॅपिरस या छोट्या कंपनीने इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीचं सिम्युलेशन आणलं. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी हे तिचे संस्थापक. तेहतीस गाड्या, टायर झिजणार, धडक बसली तर गाडी मोडणार, आणि घडलेलं पुन्हा बघता येणार. हा रिप्ले लक्षात ठेवा, तो पुढे पंचाचा डोळा होणार आहे. 1994 च्या त्यांच्या नॅसकार रेसिंगमध्ये मोडेम लावून दोन संगणक टेलिफोनच्या तारेवर जोडता यायचे. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून. तेव्हा शर्यत लांबच राहिली, एक चित्र उघडायला चहा पिऊन यावं लागायचं.

इथे जुन्नर तालुक्याचा एक धागा आहे. आर्वीचं विक्रम उपग्रह भू-केंद्र. 1971 पासूनचं. परदेशाशी उपग्रहामार्फत बोलण्याची देशाची सुरुवात आपल्या या गावातून झाली. ज्यांनी त्या काळात परदेशी फोन केलेत त्यांना आठवत असेल, आपण बोलायचो आणि पलीकडून उत्तर यायला क्षणभर थांबावं लागायचं. का? तो उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाणार, खाली येणार, म्हणजे 72,000 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी जवळपास पाव सेकंद.

पाव सेकंद म्हणजे बोलण्यात काही नाही. पण शर्यतीत? ताशी 180 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 50 मीटर जाते. पाव सेकंदात बारा मीटर, म्हणजे तीन मोटारींची लांबी! तुम्हाला पडद्यावर जी गाडी शेजारी दिसते ती खरं तर तीन गाड्या पुढे गेलेली आहे. आज फायबर आलं. चांगलं कनेक्शन असेल तर मुंबईच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला वीस-तीस मिलिसेकंद लागतात. म्हणजे फरक मीटर-दीड मीटरवर आला. मधल्या काळात दुसऱ्याची गाडी कुठे असेल याचा संगणक अंदाज बांधतो आणि तीच तुम्हाला दाखवतो. म्हणून कनेक्शन नुसतं वेगवान असून भागत नाही, ते स्थिर लागतं. एकसारखा उशीर चालतो. कधी दहा, कधी दोनशे असं झालं की अंदाज चुकतो आणि तुमची गाडी दुसऱ्याच्या पडद्यावर उड्या मारते. मग तुमची चूक नसतानाही धडक बसते.

1998 मध्ये पॅपिरसनेच 'ग्रां प्री लेजेंड्स' काढला. 1967 सालच्या फॉर्म्युला वनच्या गाड्या. गाडी इतकी अवघड की पहिली फेरी पूर्ण करणं हाच पराक्रम. पण जे टिकले त्यांनी आपापसात लीग सुरू केल्या. कंपनीने नाही, लोकांनी. कोणी वेळापत्रक लिहिलं, कोणी गुणतक्ता ठेवला, कोणी पंच झालं. पैसे कोणाला मिळत नव्हते. आणि या मंडळींना लवकरच एक अनुभव आला. पहिल्या वळणावर अर्धी शर्यत संपते! वीस गाड्या एकदम आत घुसतात आणि एकमेकांवर चढतात.

खऱ्या ट्रॅकवर असं रोज का होत नाही? कारण तिथे भीती असते. हाड मोडेल ही भीती, गाडीचं बिल येईल ही भीती. भीती हा शर्यतीतला न दिसणारा पंच आहे. संगणकावर तो पंच गैरहजर असतो. एक बटण दाबलं की गाडी पुन्हा नवी. भीतीने जे काम केलं असतं ते आता नियमाला करावं लागतं. इजा नसते तिथे अट दुप्पट लागते असं मघाशी म्हटलं, त्याचं कारण हे.

केमर यांनीच पुढे जॉन हेन्री यांच्यासोबत 2004 मध्ये 'आयरेसिंग' ही कंपनी काढली आणि 2008 मध्ये ती सेवा लोकांसाठी खुली झाली. तिने ट्रॅक लेसरने मोजले, त्याची चर्चा फार झाली. माझ्या मते मोठी गोष्ट दुसरी होती. तिने प्रत्येकाला परवाना दिला. नवा माणूस 'रूकी', मग डी, सी, बी, ए. वर चढायला नुसता वेग पुरत नाही, स्वच्छ चालवणं लागतं. रस्ता सोडला, एक गुण विरोधात. गाडी गरगरली, दोन. जोरात धडक, चार. आणि चूक कोणाची हे यंत्र बघतच नाही! दोघांनाही गुण लागतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. पण त्यातून माणूस एक शिकतो : समोरचा चुकणार आहे हे दिसत असेल तर जागा सोडणं हेही माझंच काम. आपल्या एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांना हे कोणी शिकवावं लागलं नाही.

आता 2020 कडे येऊ. 22 मार्च 2020. तुम्ही त्या दिवशी काय करत होतात ते तुम्हाला आठवतं. जनता कर्फ्यू होता, संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या. त्याच रविवारी रात्री फॉर्म्युला वनने पहिली व्हर्च्युअल ग्रां प्री भरवली, बहरीनच्या खऱ्या शर्यतीच्या जागी. चीनचा जोऊ ग्वान्यू जिंकला, जो पुढे खरोखरच फॉर्म्युला वनमध्ये आला. जगभरातले मोठमोठे ड्रायव्हर घरात कोंडले गेले आणि सिम्युलेटरवर बसले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असा प्रयोग पुन्हा मिळणार नाही. तीच माणसं, तेच कौशल्य. फक्त भीती काढून घेतलेली. मग काय झालं?

2 मे 2020. इंडियानापोलिसची आभासी शर्यत. सिमोन पाजनो, म्हणजे 2019 चा खऱ्या इंडी 500 चा विजेता, कसलेला माणूस. शेवटच्या काही फेऱ्यांत त्याने पुढे जाऊन गाडी हळू केली आणि मागून येणारा तरुण लँडो नॉरिस त्याच्यावर आदळला. नॉरिसची शर्यत गेली. पाजनोचं म्हणणं, मला फक्त त्याला जरा अडवायचं होतं. मंडळी, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या खऱ्या गाडीत हा माणूस असं कधी करता का? नाही. कारण तिथे मरण आहे.

दुसरं प्रकरण त्याच महिन्यातलं. फॉर्म्युला ई च्या घरबसल्या मालिकेत डॅनियल आब्ट या जर्मन ड्रायव्हरने आपल्या जागी एका पट्टीच्या सिम रेसरला बसवलं. नाव याचं, हात त्याचे. निकाल अचानक इतका चांगला आला की सोबतच्यांनाच शंका आली. पकडला गेला. दहा हजार युरो दान करायला लागले, आणि आउडी संघातली त्याची खरी जागाही गेली. आब्टचं म्हणणं होतं, गंमत म्हणून केलं. बघा, यात कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. एक रुपयाचं पेट्रोल जळलं नाही. तरी माणसाची नोकरी गेली. का? कारण गाडी खोटी असली तरी अट खरी होती.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, सुरुवात कुठून करायची या प्रश्नाला मिळणारं नेहमीचं उत्तर सामानाचं असतं. कुठलं स्टिअरिंग, कुठलं पेडल, कुठला स्क्रीन. त्या पोरांनाही माझ्याकडून बहुधा तेच हवं होतं. तर सामानाचं दोन मिनिटांत उरकतो.

साधा गेमपॅड असेल तरी सुरुवात होते. स्टिअरिंग-पेडलचा पहिला संच वीस-तीस हजारांच्या घरात जातो. शेतकऱ्याच्या घरात ती रक्कम लहान नाही, म्हणून आधी महिना-दोन महिने हातात असेल त्याच्यावर चालवून बघा, टिकतंय का ते बघा, आणि मग जुना संच शोधा. संच टेबलाला घट्ट आवळा, खुर्ची सरकणार नाही असं बघा. वाय-फायपेक्षा वायर बरी. आणि इन्व्हर्टर बघा, कारण शेवटच्या फेरीत लाइट जाणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं वळण आहे. (हशा) झालं सामान.

आता खरी सुरुवात. पहिली पायरी, एक गाडी आणि एक ट्रॅक. रोज नवी गाडी घेऊ नका. त्याच ट्रॅकवर शंभर फेऱ्या मारा. तुमची सगळ्यात चांगली वेळ किती याला फार महत्त्व देऊ नका. सलग दहा फेऱ्यांत वेळ किती हलते ते बघा. दहाही फेऱ्या अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आत बसायला लागल्या की समजा, गाडी तुमच्या हातात आली. घाटातला जाणता मालकही एका बारीवर बैलाची किंमत करत नाही.

दुसरी पायरी, नियमावली वाचा. सगळी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे अपघात आहे, सावध व्हा, तिथे ओलांडायचं नाही. निळा झेंडा म्हणजे तुमच्यापेक्षा एक फेरी पुढे असलेला मागून येतोय, त्याला जाऊ द्या. वळणावर शेजारी गाडी असेल तर तिच्यापुरती जागा ठेवायची. रस्त्याबाहेर गेलात तर परत येताना आधी मागचं बघायचं. यात बुद्धीला अवघड काही नाही, अवघड आहे ते रागात असताना पाळणं.

तिसरी, लीग निवडताना बक्षीस बघू नका, पंच बघा. चांगल्या लीगमध्ये तक्रार करायची पद्धत लिहिलेली असते. कितवी फेरी, कुठलं वळण, कोणाची गाडी, रिप्लेचा तुकडा. पंच तिऱ्हाईत असतो आणि निकाल कारणासह देतो. बऱ्याच ठिकाणी रागाच्या भरात तक्रार होऊ नये म्हणून शर्यत संपल्यावर काही तास थांबायला लावतात. ही फार शहाणी अट आहे. गावकीच्या बैठकीलाही लावून बघायला हरकत नाही.

चौथी पायरी. पहिल्या शर्यतीत मागून सुरुवात करा आणि शेवटपर्यंत पोहोचा. बस. पहिल्या वळणाला दोन जागा गेल्या तर जाऊ द्या. पुढे भांडणारे आपोआप बाहेर पडतात. तुमच्याकडून धडक झाली तर शर्यतीनंतर त्या माणसाला दोन ओळी लिहा, माझी चूक झाली. लीगमध्ये वेगवान माणसं पुष्कळ असतात. ज्याच्या शेजारून निर्धास्त पळता येतं असा माणूस सगळ्यांना हवा असतो, आणि चांगल्या संघाचं बोलावणं त्यालाच येतं.

आता आई-वडिलांच्या मनातला प्रश्न. याचं पुढे काय? खोटी आशा मी दाखवणार नाही. सोनी आणि निसान यांनी 2008 पासून 'जीटी अकॅडमी' चालवली. ग्रान टुरिस्मो खेळणाऱ्यांतून खरे ड्रायव्हर निवडायचे. पहिला विजेता लुकास ओर्दोन्येझ, पुढे 2011 चा यान मार्डनबरो. दोघेही ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत धावले. मार्डनबरोवर 2023 मध्ये चित्रपट आला, तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण लाखो खेळले आणि मोजके पोहोचले, हेही त्याच इतिहासात आहे.

तरी एक हिशेब मांडतो. आपल्या देशातली नावाजलेली सर्किट कोणती? चेन्नईजवळचं, कोइमतूरचं करी, आणि नोएडाचं बुद्ध. लेण्याद्रीहून तिन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे. गाडी, टायर, ट्रॅकचं भाडं हे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. अशा ठिकाणच्या पोराला सिल्व्हरस्टोनचं पहिलं वळण पाठ होऊ शकतं, हे याआधी कधीच शक्य नव्हतं. त्याचा त्याला पैसा मिळेल न मिळेल, पण दार उघडलं हे खरं.

आणि पैशाबद्दल एक सावधगिरी. 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्स एका बाजूला आणि पैसे लावून खेळायचे खेळ दुसऱ्या बाजूला, असा फरक केला आहे. पहिल्याला मान्यता, दुसऱ्याला बंदी. तेव्हा कोणी 'निकालावर पैसे लाव' म्हणाला तर ती लीग नव्हे. शर्त या शब्दाचा तोही एक अर्थ आहे, पैज. घाटातल्या मंडळींना त्या अर्थाने किती घरं बसली ते वेगळं सांगायला नको.

शेवटाकडे येतो. मला एकाने विचारलं होतं, "मग आता बैलाऐवजी हेच का?" तसं नाही. घाटात धूळ आहे, वाजंत्री आहे, बैलाच्या कपाळाला लावलेला भंडारा आहे, वर्षभर त्याला जिवापाड सांभाळणारं घर आहे. पडद्यावर यातलं काही येणार नाही आणि यायचं कारणही नाही. एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नसते. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. बारी संपल्यावर घड्याळ जे सांगतं ते मान खाली घालून ऐकायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा यायचं.

तर पोरांनो, सुरुवात कुठून करायची? स्टिअरिंगपासून नाही. अटीपासून. कोणी बघत नसताना, काही तुटणार नसताना, बटण दाबून सगळं पुसता येत असताना, तुम्ही समोरच्यासाठी एका गाडीची जागा ठेवता का? ठेवत असाल तर तुमची लीग सुरू झाली. वेग हळूहळू येईल.

वर डोंगरातल्या त्या कारागिरांची नावं दोन हजार वर्षं टिकली. ते जुन्नरचे सगळ्यात श्रीमंत लोक होते म्हणून नाही. त्यांच्याकडे ठेवलेली ठेव सुरक्षित राहते असं अनोळखी माणसाला वाटत होतं, म्हणून.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि ते मघाचे दोघं-तिघं मागे उभे आहेत, त्यांनी आधी विचारावं.